तिसऱ्या रात्रीनंतर

मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला चाळिशीतला माणूस रुग्णालयात दाखल होतो. ऑपरेशन नीट पार पडतं. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. दुखत असेल, असं घरच्यांना वाटतं. तिसऱ्या रात्री तो चादरीवरचे किडे झटकू लागतो. चादरीवर किडे नसतातच. सलाईनची सुई ओढून काढतो, पाय मोडलाय हे विसरून उभा राहायला बघतो, समोरच्या नर्सला कारखान्यातला मुकादम समजून तिच्याशी भांडतो. कुणी म्हणतं भूल उतरली नाही, कुणी म्हणतं डोक्याला मार लागला असेल, एखादी आत्या हळूच म्हणते, बाहेरचं काहीतरी आहे. बऱ्याच वेळानं एखादा अनुभवी डॉक्टर बायकोला बाजूला घेऊन विचारतो, "रोज घेतात का?" ती खाली बघत सांगते, "रोज एक क्वार्टर. सुट्टीच्या दिवशी जास्त."

कुठल्याही मोठ्या रुग्णालयाला असा पेशंट नवा नसतो. हाच प्रश्न दाखल करून घेतानाच, रक्तदाब किंवा मधुमेहाबद्दल विचारावा इतक्या साधेपणानं विचारला गेला, तर ती तिसरी रात्र बहुतेक वेळा टाळता येते. दारू सोडणं म्हणजे मनाचा निश्चय, हा आपल्याकडचा सर्वांत पक्का समज. या माणसानं तर कसलाच निश्चय केला नव्हता. त्याची दारू अपघातानं बंद पडली, आणि तेवढ्यानं त्याचा जीव धोक्यात आला. व्यसन हा आजार आहे असं आपण भाषणात म्हणतो, पण आजाराला असतात तसे त्याला टप्पे आहेत, धोके आहेत, औषधं आहेत आणि वर्षानुवर्षं चालणारी देखरेख आहे, हे मात्र फार थोड्या घरांपर्यंत पोहोचलेलं आहे.

त्या रात्री मेंदूत काय घडतं ते आधी पाहू. मेंदूच्या पेशींना शांत करणारं एक रसायन असतं, गॅबा, आणि चेतवणारं दुसरं, ग्लूटामेट. दारू पहिल्याचं काम वाढवते आणि दुसऱ्याचं दाबते, म्हणून प्यायल्यावर सैल वाटतं. रोजच्या रोज हे होत राहिलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. शांत करणारी यंत्रणा मंद करतो, चेतवणारी वाढवतो आणि दारू पोटात असताना कसाबसा तोल राखतो. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही दाबून धरलेल्या गाडीच्या ब्रेकवरचा पाय अचानक उचलावा, तसं दारू बंद झाल्यावर होतं. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या ४८ तासांत काहींना फिट येते. आयुष्यात कधीही फिट न आलेल्या माणसालाही येऊ शकते. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींच्या वाट्याला ती अवस्था येते जिला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळकाळाचं भान जातं, नसलेलं दिसतं, ताप चढतो, नाडी आणि रक्तदाब भडकतात. उपचार नसलेल्या जुन्या काळातल्या नोंदींमध्ये या अवस्थेतले सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावल्याचं दिसतं. आज वेळेवर उपचार मिळाले तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली राहतं.

आणि "एकच क्वार्टर" या शब्दांवर जाऊ नये. १८० मिलिलिटरच्या, ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या बाटलीत साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. दारूचं एक प्रमाणित माप १० ग्रॅमचं धरतात, म्हणजे ही सहा मापं झाली. रोज.

या टप्प्यावरचे उपचार साधे आहेत आणि बहुतेक वेळा यशस्वी होतात. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम ही औषधं दारूनं सोडलेली शांत करण्याची जागा तात्पुरती भरून काढतात. यकृत फारच खराब असेल तर डॉक्टर लोराझेपाम निवडतात. डोस सुरुवातीला पुरेसा द्यायचा आणि आठवडाभरात उतरवत न्यायचा. या गोळ्यांचीही सवय लागते, म्हणून शेजाऱ्याला लागू पडल्या म्हणून मेडिकलमधून आणून देण्याचा हा प्रकार नाही. पूर्वी दारू सोडताना फिट आली असेल, भ्रम झाला असेल, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल, घरात लक्ष ठेवणारं कुणी नसेल, तर दाखल होणंच बरं. बाकीच्या अनेकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी राहूनही हे दिवस काढता येतात.

सलाईनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. "दारू उतरवायला" ग्लुकोजची बाटली लावण्याची पद्धत आपल्या गावोगावी आहे. दारू पिणारा धड जेवत नाही आणि जे खातो त्यातलं बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, त्याच्या आतड्यात नीट शोषलं जात नाही. शरीरात ग्लुकोज वापरायला थायमिन लागतं. ज्याच्याकडे ते आधीच जेमतेम उरलंय, त्याला नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलंही खर्ची पडू शकतं आणि मेंदूला इजा होते. डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल लटपटते, माणूस गोंधळतो. कार्ल व्हर्निके या डॉक्टरनं १८८१ साली हे वर्णन केलं, आणि आजही हे चित्र "अजून उतरलेली नाही" म्हणून दुर्लक्षित राहतं. उपचारांची वेळ हातची गेली तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. थायमिनचं इंजेक्शन स्वस्त आहे. ते सलाईनच्या आधी किंवा बरोबर जायला हवं, एवढीच ही गोष्ट आहे, आणि एवढ्या गोष्टीवर एखाद्याचं उरलेलं आयुष्य अवलंबून असतं.

आपल्याकडे दारू बंद करण्याचे मुहूर्तही आहेत. गटारीला पोटभर पिऊन दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळणारे पुष्कळ. जो महिनाभर सहज कोरडा राहतो त्याच्या शरीराला बहुधा दारूची सवय जडलेली नाही. पण "मी श्रावण पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही" हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. भाद्रपदात काय होतं, तेही पाहावं लागतं. आणि श्रावणाच्या पहिल्याच दिवशी ज्याचे हात चहाचा कप धरू देत नाहीत, त्याला उपदेशापेक्षा डॉक्टरची गरज आहे. पंढरीची माळ घालून दारू सोडलेली माणसंही गावोगावी भेटतात. त्यांच्याकडे मी आदरानं पाहतो, कारण माळेबरोबर त्यांना नवी सोबत मिळते, रोजचा हरिपाठ मिळतो, वर्षाची वारी मिळते, आणि हात पुढे करणाऱ्या जुन्या मित्राला "माळकरी आहे" हे एका शब्दातलं उत्तर मिळतं. उपचारशास्त्र ज्याला पुनर्वसन म्हणतं त्यातलं बरंचसं त्यात आहे. फक्त रोज सकाळी उठल्या उठल्या घोट लागणाऱ्यानं माळ घालण्याआधी आठवडाभर डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहावं.

आठवडा संपतो, थरथर थांबते, भूक लागते, चेहरा उजळतो. घरचे म्हणतात, सुटली एकदाची. उपचारांची खरी सुरुवात इथून होते, आणि बहुसंख्य घरांमध्ये उपचार इथंच संपतात.

दारूपासून दूर राहायला मदत करणारी औषधं आहेत. त्यांतलं सर्वांत जुनं डायसल्फिराम. डेन्मार्कमधले येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोन संशोधक त्याचा उपयोग पोटातल्या जंतांवर होतो का, हे बघत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं आणि नंतर थोडीशी दारू पोटात जाताच दोघांनाही त्रास झाला. १९४८ साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं. दारूचं शरीरात आधी अॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचं निरुपद्रवी रूप. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवतं. मग थोड्या दारूनंही चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब घसरतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो.

म्हणूनच "पेशंटला न सांगता दारू सोडवा" अशा जाहिरातींची मला चीड आहे. अशा पुडीत नेमकं काय आहे हे विकत घेणाऱ्या बायकोला कुणी सांगत नाही. भाजीत मिसळलेली ती पूड डायसल्फिरामची असली, तर नवरा संध्याकाळी नेहमीसारखा गुत्त्यावर जातो आणि त्याला काय होतंय हे ना त्याला कळतं, ना गुत्तेवाल्याला, ना रात्री तपासणाऱ्या डॉक्टरला. हृदयाचा आजार असलेला माणूस त्यात जाऊ शकतो. ज्या बाईनं हताश होऊन ते केलं, तिला दोष देऊन काही होणार नाही. तिला दुसरा रस्ता कुणी दाखवलेला नसतो. हीच गोळी पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, यकृत आणि हृदय तपासून दिली आणि रोज सकाळी घरातल्या एका माणसासमोर घ्यायचं ठरलं, तर ती उपयोगी पडते. रोजचा "पिऊ की नको" हा झगडा सकाळच्या एका मिनिटात संपतो.

बाकीची दोन औषधं वेगळ्या वाटेनं जातात. नालट्रेक्सोन मेंदूतले अफूच्या जातीच्या रसायनांचे ग्राहक अडवतं, त्यामुळे प्यायल्यावर मिळणारी मजा कमी होते आणि तलफही उतरते. अॅकॅम्प्रोसेट दारू सुटल्यावर महिनोन् महिने रेंगाळणारी अस्वस्थता शमवतं. ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून यकृत बिघडलेल्यांनाही देता येतं. यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. अनेक चाचण्या एकत्र करून २०१४ साली मांडलेल्या हिशेबानुसार सुमारे १२ जणांना अॅकॅम्प्रोसेट किंवा सुमारे २० जणांना नालट्रेक्सोन दिलं, तर औषधाविना पुन्हा प्यायला लागला असता असा एक जण वाचतो. हे आकडे लहान वाटतात, पण आपण डोळे झाकून घेत असलेल्या कितीतरी औषधांची कामगिरी याहून सरस नाही. दुःख याचं, की बहुतेक पेशंटना ही औषधं अस्तित्वात आहेत हेच सांगितलं जात नाही.

अफूच्या वर्गातल्या नशेचं गणित मात्र उलटं आहे. १९८०च्या दशकात पुण्या-मुंबईत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरली. अनिल अवचट यांनी त्या मुलांवर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांच्या हाताखाली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. गर्द बंद केल्यावर येणाऱ्या यातनांना पेशंट "टर्की" म्हणतात. हाडं मोडून येतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, जुलाब होतात. पण एरवी धडधाकट माणूस त्यात सहसा दगावत नाही. धोका पुढे असतो. काही आठवडे कोरडं राहिल्यावर शरीराची सहनशक्ती ओसरते, आणि तुरुंगातून किंवा केंद्रातून सुटलेला मुलगा आधीच्याच मापानं एकदा घेतो. श्वास बंद पडतो.

म्हणून या नशेसाठी दीर्घकाळ पर्यायी औषध देण्याची पद्धत आली. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी मेथाडोनवरचं आपलं काम १९६५ साली प्रसिद्ध केलं. पुढे ब्युप्रेनॉर्फिन आलं, जिभेखाली ठेवायची गोळी. तिचा श्वासावरचा परिणाम एका मर्यादेनंतर वाढत नाही, म्हणून ती तुलनेनं सुरक्षित. दोन्ही औषधं २००५पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, आणि सुईनं नशा करणाऱ्यांसाठी भारतात सरकारी मदतीनं चालणारी केंद्रंही आहेत. "एक नशा सोडवून दुसरी लावली" हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय. पण जो मुलगा दर चार-सहा तासांनी पुडीच्या शोधात धावत होता, तो रोज एक गोळी घेऊन कामावर जातो, जेवतो, झोपतो, सुईतून येणाऱ्या एचआयव्ही आणि हेपॅटायटिसपासून वाचतो. या दोन आयुष्यांना एकच नाव देणं मला पटत नाही.

औषधांच्या बरोबरीनं महत्त्वाचं आहे ते बोलणं. डॉक्टरांच्या खोलीत व्यसनी माणूस येतो तेव्हा तो उत्तरं पाठ करून आलेला असतो, कारण त्याला फक्त दटावलं गेलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली वेगळी रीत मांडली. वाद घालायचा नाही. बदलाची कारणं पेशंटच्याच तोंडून येऊ द्यायची. समजा, डॉक्टर विचारतात, "दारू सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहात सांगा."

"असेल पाच."

"पाच? दोनच का नाही म्हणालात?"

"नाही म्हणजे... पोरगी दहावीला आहे, डॉक्टरसाहेब. मी प्यायलो की ती शेजारी जाऊन अभ्यास करते."

"पाचाचे दहा का नाहीत" असं विचारलं असतं, तर माणसानं न सोडण्याची कारणं सांगितली असती. "दोन का नाही" म्हटल्यावर तो सोडण्याची कारणं सांगतो. या रीतीत मानसोपचारतज्ज्ञच बसलेला हवा असंही नाही, हे गोव्यात सिद्ध झालं. 'संगत' या संस्थेनं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारे, दारू नुकसान करू लागलीय पण पूर्ण जखडलेले नाहीत असे ३७७ पुरुष निवडले. त्यांच्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर प्रशिक्षण दिलेल्या साध्या, स्थानिक समुपदेशकांनी मोजक्या भेटींत आधार दिला. तीन महिन्यांनी या गटातले ३६ टक्के जण धोक्याच्या पातळीखाली आले, तर नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी २६ टक्के. पीत राहिलेल्यांच्या रोजच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही, हेही त्यांनी २०१७च्या 'लॅन्सेट'मध्ये स्वच्छ नोंदवलं. मला हा अभ्यास मोलाचा वाटतो तो त्याच्या जागेमुळे. खोकल्यासाठी आलेल्या माणसाला तिथंच, केसपेपरच्या रांगेत, दारूबद्दल विचारलं गेलं. एरवी आपण माणूस रस्त्यावर पडेपर्यंत थांबतो. दिल्लीच्या एम्सनं केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसली तरी मदत मिळाल्याचं दिसलं होतं.

आता पुन्हा घसरण्याबद्दल. केंद्रातून परतलेला माणूस चार महिने उत्तम राहतो आणि मेहुण्याच्या हळदीला एक ग्लास घेतो. त्याच क्षणी त्याच्या मनात येतं, गेलंच सगळं, आता काय राहिलंय. आणि तो उरलेली रात्र, उरलेला आठवडा पितो. अॅलन मार्लट यांनी १९८५च्या पुस्तकात दाखवून दिलं की पहिल्या ग्लासापेक्षा ही "गेलंच सगळं" भावना जास्त नुकसान करते. घरचेही तेच म्हणतात, "एवढे पैसे घातले, कुत्र्याचं शेपूट." २००० साली अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात मॅकलेलन आणि सहकाऱ्यांनी व्यसनाची तुलना रक्तदाब, मधुमेह आणि दम्याशी केली. औषध-पथ्य सुटणं आणि आजार उलटणं यांचं प्रमाण सगळीकडे सारख्याच पातळीचं निघालं. दम्याचा झटका आला म्हणून कुणी पेशंटला घराबाहेर काढत नाही. डोस तपासतात, धूळ कुठून आली ते शोधतात. घसरलेल्या माणसाच्या बाबतीतही पहिल्या चोवीस तासांत हेच शोधायचं असतं: त्या दिवशी जेवण झालं होतं का, कुणाशी भांडण झालं होतं, पगार हातात होता का, गोळी कधीपासून सुटली होती, फोन करायला कुणी होतं का. चांगल्या पाठपुराव्यात याची तयारी आधीच करून घेतात. पगाराच्या दिवशी बायकोबरोबर बँकेत जायचं, वरातीत नाचणाऱ्यांच्या घोळक्यापासून लांब राहायचं, एकतीस डिसेंबरची संध्याकाळ अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगला काढायची. मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर आलेली माणसंच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाली, त्यातली ताकद हीच. समोरचा माणूस ही हळद, ही वरात स्वतः ओलांडून आलेला असतो.

बायकांसाठी तिथं 'सहचरी' नावाचा गट आहे, आणि असे गट प्रत्येक तालुक्यात हवेत. नवरा पीत असो वा नसो, तिला स्वतःची झोप, स्वतःचे पैसे, मुलांचं घर सांभाळायला कुणाची तरी साथ लागते. त्याच्या साहेबाला "ताप आहे" असं खोटं सांगणं थांबवणं हा त्या उपचारांचाच भाग आहे, पण ते एकटीला जमत नाही. मारहाण होत असेल तर तिची आणि मुलांची सुरक्षितता आधी, त्याचे उपचार नंतर.

घराण्याच्या अब्रूपायी आणि थकव्यापायी काही कुटुंबं गाडी बोलावून माणसाला उचलून नेणाऱ्या केंद्रांच्या हवाली करतात. तिथं कधी साखळी असते, कधी मार असतो, आणि डॉक्टर नसतोच. दारूच्या झटक्यांतला माणूस अशा ठिकाणी कोंडला तर काय होतं, हे वर आलंच आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांमुळे येणारे मानसिक आजार आपल्या कक्षेत घेतले आणि कुणालाही साखळदंडानं बांधायला मनाई केली. केंद्र निवडताना म्हणून थेट विचारावं: नोंदणी आहे का, पहिल्या आठवड्यात डॉक्टर रोज तपासतात का, घरच्यांना भेटू देतात का, बाहेर पडल्यावर वर्षभर कोण भेटणार. अमली पदार्थांच्या बाबतीत पोलिसांची भीती आडवी येते. १९८५च्या कायद्यातल्या ६४ए कलमानुसार, स्वतःच्या वापरासाठी थोडा साठा बाळगणारा व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. वकिलांशी एकदा बोलून घ्यावं.

आणि पहिल्या भेटीसाठी आधी दारू सोडून दाखवण्याची अट नाही. रोज पिणाऱ्यानं भेटीच्या दिवशी चांगलं दिसावं म्हणून अचानक बंद करून जाऊ नये. किती घेतो ते खरं सांगावं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, जमल्यास विश्वासाचं एक माणूस बरोबर असावं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असेल तर तिथून सुरुवात करता येते. जवळ काय आहे हे ठाऊक नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि मन खचलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६. दोन्हींवर घरचेही फोन करू शकतात, पेशंट अजून तयार नसला तरी.